मातीला कान लावणारी माणसं

1970च्या दशकातल्या मेटल डिटेक्टरला पडदा नव्हता, आकडे नव्हते, जमिनीखाली काय आहे हे सांगणारं चित्रही नव्हतं. एक पत्र्याची पेटी, तिच्यावर दोन-तीन फिरवायची बटणं, एक दांडी, दांडीच्या टोकाला तारेचं वेटोळं बसवलेली चकती आणि कानाला हेडफोन. एवढंच यंत्र, बाकीचं काम माणसाचं. इंग्लंड-अमेरिकेतली अनेक हौशी मंडळी आज हीच जुनी यंत्रं हुडकून काढतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा शेतात नेतात. नवं यंत्र जास्त खोलवरचं ओळखतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरीही जीव जडतो तो जुन्यावर. या ओढीमागे नुसतं स्मरणरंजन नाही. त्या यंत्रांच्या आणि त्यांच्याभोवती जमलेल्या क्लबांच्या काळात एक मोठा धडा शिकला गेला, आणि तो आपल्याही कामाचा आहे.

गोळीपासून सुरुंगापर्यंत

या यंत्राचा जन्म खजिन्यासाठी झाला नाही. जुलै 1881मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडल्या गेल्या. शरीरात अडकलेली गोळी डॉक्टरांना सापडेना, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल एक विद्युत यंत्र घेऊन आले. पण पलंगाच्या गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या, आणि मुख्य डॉक्टरांनी उजव्याच बाजूला शोध घेऊ दिला. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले.

पुढचं पाऊल टाकलं जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या गेरहार्ड फिशर यांनी. विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की आसपास धातू किंवा धातूयुक्त खडक असला की यंत्रणा चुकते. हीच चूक त्यांनी कामाला लावली. 1931मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोतल्या आपल्या गॅरेजात त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि 1937मध्ये पेटंट मिळवलं.

मग महायुद्ध आलं. स्कॉटलंडमध्ये आसरा घेतलेल्या पोलिश सैन्यातले अधिकारी यूझेफ कोसात्स्की यांनी सुरुंगशोधक यंत्र तयार केलं आणि त्याचं पेटंट न घेता ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं. 1942च्या एल अलामेनच्या लढाईत अशी पाचशे यंत्रं वापरली गेली. त्यांचं मोल कळायला पुण्याच्या खडकीत केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्सचा इतिहास आठवावा. 1941च्या सुरुवातीला याच दलाचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी पूर्व आफ्रिकेतल्या आघाडीवर चार दिवसांत 55 मैलांच्या वाटेवरची पंधरा सुरुंगक्षेत्रं मोकळी करून घेतली, आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. कोसात्स्कींचं यंत्र तेव्हा अजून यायचं होतं.

तंबोऱ्याच्या दोन तारा

युद्ध संपलं आणि सैन्याची जुनी यंत्रं मोडीच्या भावात बाजारात आली. हौशी लोकांनी ती उचलली. त्यामागोमाग खास छंदासाठी यंत्रं बनवणारे कारखाने उभे राहिले. चार्ल्स गॅरेट यांनी 1964मध्ये टेक्सासात आपली कंपनी काढली. ऑरेगनची व्हाइट्स ही कंपनी तर त्याआधीपासून, युरेनियम शोधणाऱ्यांसाठी किरणोत्सार मोजणारी यंत्रं बनवत होती.

सुरुवातीच्या बहुतेक यंत्रांचं तत्त्व मराठी श्रोत्याला चटकन उमजेल. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळपास सुरात, पण किंचित वेगळ्या लागल्या की नादाला एक हेलकावा येतो. यंत्रात अशीच दोन विद्युत कंपनं असत. एक पेटीत स्थिर, दुसरं जमिनीवरून फिरणाऱ्या वेटोळ्यात. दोघांतला फरक हेडफोनमध्ये घुमत राही. वेटोळ्याखाली धातू आला की दुसरं कंपन बदले आणि सूर चढे किंवा उतरे.

अडचण अशी, की ऊन चढलं, वारा सुटला, बॅटरी उतरली, तरी सूर सरकायचा. म्हणून एक हात सतत बटणावर ठेवावा लागे. ओलं गवत आणि लोहयुक्त माती यंत्राला फसवत. खिळा कोणता, नाणं कोणतं, हे कानानंच ओळखायचं. त्यातच 1960च्या दशकात पेयांच्या डब्यांना ओढून काढायच्या ॲल्युमिनियमच्या कड्या आल्या आणि बागा-किनाऱ्यांवर त्यांचा सडा पडला. कडीचा आवाज सोन्याच्या अंगठीसारखाच यायचा, त्यामुळे प्रत्येक वेळी खणून पाहणं भाग होतं. पण तो काळ भरभराटीचाही होता. अमेरिकेत 1964पर्यंतच्या डाइम आणि क्वार्टर नाण्यांत नव्वद टक्के चांदी असायची, आणि उद्यानांच्या मातीत ती पिढ्यान्‌पिढ्या सांडलेली होती.

क्लबातलं टेबल

1970च्या दशकात इंग्लंडमध्ये हा छंद गावोगाव पसरला आणि क्लब उभे राहिले. महिन्यातून एकदा गावच्या सभागृहात किंवा पबच्या मागच्या खोलीत बैठक. टेबलावर महिनाभराचे शोध मांडलेले: रोमन नाणी, मध्ययुगीन बक्कल, शिशाची शिक्कामुद्रा, सैनिकाच्या कोटाचं बटण. त्यांतून महिन्याचा सर्वोत्तम शोध निवडला जाई. पोस्टमन, गवंडी, निवृत्त शिक्षक एकाच बाकावर बसून जॉर्ज राजाचं नाणं कोणतं आणि एडवर्डचं कोणतं, यावर तासन्‌तास बोलत. शेतमालकाची परवानगी घ्या, खड्डा बुजवा, फाटक लावून घ्या, हे नियम नवख्याला इथेच मिळत.

पुरातत्त्वज्ञांना मात्र हे सगळं लुटीसारखं वाटत होतं, आणि त्यांची भीती खरी होती. 1979मध्ये नॉरफोकमधल्या थेटफोर्ड इथे रोमन काळातला सोन्या-चांदीचा अप्रतिम ठेवा निघाला. तो परवानगीशिवाय शोधला गेला आणि लपवून ठेवला गेला. बातमी बाहेर येईपर्यंत त्या जागेवर बांधकाम झालं होतं. चमचे आणि अंगठ्या हाती आल्या, पण त्या तिथे कशा, कोणाबरोबर पुरल्या गेल्या, हे कायमचं हरवलं. 1980मध्ये या छंदाविरोधात देशव्यापी मोहीम निघाली, आणि पुढच्या वर्षी हौशी मंडळींनी आपली राष्ट्रीय परिषद स्थापन केली.

त्याच नॉरफोकमध्ये टोनी ग्रेगरी आणि बार्बरा ग्रीन यांनी वेगळी वाट धरली. ते क्लबांशी बोलू लागले, सापडलेल्या वस्तू पाहून नोंदवू लागले. 1984मध्ये अमेरिकेत डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर हौशी डिटेक्टरवाल्यांनाच कामाला घेतलं. आदल्या वर्षीच्या वणव्यानं गवत जळून जमीन उघडी पडली होती. स्वयंसेवक ओळीनं चालत, आवाज आला की तिथे झेंडी रोवत. मागून येणारे वस्तू उकरत आणि ती नेमकी कुठे, कशी पडली आहे हे टिपत. काडतुसांवर उमटलेल्या बंदुकीच्या खुणा जुळवल्यावर 1876मध्ये तिथे झालेल्या लढाईत एकेक बंदूक रणांगणात कुठून कुठे गेली, याचा माग लागला. काडतूस कवडीमोलाचं. मोल होतं ते जागेच्या नोंदीला.

1992च्या नोव्हेंबरमध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉस हे निवृत्त गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. लागलं ते रोमन घबाड. थोडं खणल्यावर त्यांनी हात आवरला आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ठेवा जागेवरच उत्खनन करून काढला. 14,865 नाणी आणि दोनशेच्या आसपास सोन्या-चांदीच्या वस्तू मिळाल्या. शिवाय त्या कोणत्या पेटीत, कशा रचून ठेवल्या होत्या, हेही कळलं. हातोडाही सापडला, आणि तो आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. सापडलेल्या ठेव्यांविषयीच्या 1996च्या तिथल्या कायद्यानं आणि 1997पासूनच्या नोंदणी योजनेनं हाच मार्ग पक्का केला. लोकांना सापडलेल्या पंधरा लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी आज तिथे सर्वांना खुल्या आहेत.

आपल्या मातीचं काय?

2025च्या मार्चमध्ये ‘छावा’ चित्रपट पाहून बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन मोहरा खणायला लोटले. इतिहासावरच्या प्रेमाचं रूप असं असू नये. आपल्याकडे 1878चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकांत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे.

म्हणून गडावर, शेतात किंवा घराच्या पायात एखादी शिवराई दिसली, तर ती खिशात टाकू नका. जागेचा फोटो घ्या, ठिकाण लिहून ठेवा आणि कळवा. सराफाकडे नाण्याचं वजन होतं. इतिहासाला ते कुठे सापडलं, हे हवं असतं.