नावावरून पत्ता : घरच्या राउटरचे दप्तर

शिवाजी पेठेत आलेला परगावचा पाहुणा सिटी सर्व्हे नंबर विचारीत नाही. तो उभा मारुती चौकाचे किंवा एखाद्या तालमीचे नाव घेतो आणि इच्छित दारी पोचतो. इंटरनेटवर नावावरून अंकी पत्ता शोधून देण्याचे हेच कार्य १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी रचिलेली डीएनएस ही व्यवस्था करते.

घरच्या जाळ्यात मात्र नावे व पत्ते यांचे हे दप्तर आपणच ठेवावयाचे असते. ब्राउझरमधून राउटरच्या पत्त्यावर, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ येथे, प्रवेश करून डीएचसीपीच्या, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटून देणाऱ्या सोयीच्या सदरात, उदाहरणार्थ प्रिंटरला, त्याच्या मॅक या ओळख-क्रमांकावरून एकच पत्ता कायम नेमून द्यावा, आणि राउटरमध्ये तशी तजवीज असल्यास त्या पत्त्यापुढे नाव दाखल करावे. ही नेमणूक वगळली, तर वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलण्याचा आणि नोंद खोटी ठरण्याचा संभव राहतो. नावाचा शेवट रोमन लिपीत 'होम.आर्पा' असा करणे श्रेयस्कर, कारण २०१८ पासून तो घरगुती जाळ्यांसाठीच राखून ठेवलेला आहे. उपकरणांना डीएनएस म्हणून राउटरचाच पत्ता द्यावा; तेथे परस्पर ८.८.८.८ असा बाहेरच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता लिहिल्यास त्या दूरच्या सर्व्हरला आपल्या माजघरातील प्रिंटर ठाऊक नसतो. राउटरचा मूळ पासवर्डही त्याच बैठकीत अवश्य बदलावा.