पानथरी काढली म्हणजे आजार गेला का?



लेकरू पांढरेफटक पडते, डोळे पिवळे दिसतात, डाव्या बरगडीखाली टणक गोळा हाताला लागतो. याला आपण 'पानथरी वाढली' म्हणतो, आणि अजूनही काही घरी पोटावर तापल्या लोखंडाचा डाग देतात. डागाने कातडी जळते. पानथरीला काही होत नाही, दवाखान्यात जायला मात्र उशीर होतो.

पानथरी म्हणजे प्लीहा. ही रक्ताची चाळण आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या आजारात ती ताठ होऊन विळ्यासारखी वाकते व १०-२० दिवसांतच मोडते. अशा पेशी चाळणीत अडकतात. कधी काही तासांतच अंगातले पुष्कळ रक्त पानथरीत साठते; पोट फुगते, मूल निपचित पडते. अशा वेळी रक्त चढवावे लागते. रात्र असली तरी सकाळच्या बसची वाट पाहू नये.

जमैका बेटावरच्या डॉक्टरांनी आयांना घरीच पोट चाचपायला शिकवले. मुलाला उताणे निजवून, बोटे सपाट ठेवून, डाव्या बरगडीखाली हलके दाबायचे, एवढेच. १९८५ साली त्यांनी लिहिले की असे रक्त साठल्यावर पूर्वी शंभरात सुमारे २९ वेळा मूल दगावत असे, ते ३ वर आले. हे काम आपल्या माउल्यांनाही जमेल. नर्सबाईंकडून एकदा शिकून घ्यावे.

असा प्रसंग पुन्हा पुन्हा आला, किंवा वाढलेली पानथरी सतत रक्त खाऊ लागली, तर डॉक्टर ती काढायला सांगतात. भ्यायचे कारण नाही; पण आशाही बेताची ठेवावी. तांबड्या पेशी गोल गोळीसारख्या होण्याचा एक वेगळा वंशागत आजार आहे, त्यात पानथरी काढल्यावर रक्त बहुधा टिकते. सिकलसेलमध्ये रक्त साठणे थांबते, हाडांच्या कळा थांबत नाहीत. थॅलेसेमियात रक्त कमी वेळा चढवावे लागते, इतकेच.

शिवाय पानथरी जंतूंशीही लढते. म्हणून होता होईल तो पाच वर्षांच्या आत ती काढत नाहीत. न्यूमोनिया व मेंदूज्वराच्या लसी शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी टोचतात. पुढे पेनिसिलीन रोज, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे. मूल खेळू लागले की गोळी बंद करणारे पालक पुष्कळ असतात. धोका तिथेच आहे. हिवतापही अशा मुलाला जड जातो, तेव्हा मच्छरदाणी हवीच.

हा कोणाचा शाप नव्हे. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता आजारी मुलाची. वाहकाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून हा दोष जंगलपट्टीत टिकला. आदिलाबादच्या गोंड-कोलामांत तो आहे, विदर्भातही अनेक समाजांत आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्यांची रक्ततपासणी करून कार्ड देतात. सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी दोन्हीकडची कार्डे पाहावीत.

कापूस वेचायला पैनगंगेपलीकडे जाता, तेव्हा पानथरी काढलेल्या मुलाचा कागद बरोबर न्या. ताप आला की तो कोणत्याही डॉक्टरांपुढे ठेवा आणि आधी सांगा, 'याला पानथरी नाही.'