विश्लेषण : वजन घटवणारी इंजेक्शने… धोका औषधात की ते घेण्याच्या पद्धतीत?

आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचे, भूक मंदावते आणि वजनकाटा खाली येऊ लागतो. मुळात मधुमेहासाठी तयार झालेल्या या इंजेक्शनांची चर्चा आता लग्नसराईपासून जिमपर्यंत सगळीकडे आहे. ‘मौंजारो’ मार्च २०२५ मध्ये, ‘वेगोव्ही’ जूनमध्ये आणि ‘ओझेम्पिक’ डिसेंबरमध्ये भारतात अधिकृतपणे दाखल झाले. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइड या मूळ औषधाच्या भारतातील पेटंटची मुदत संपली आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त आवृत्त्यांचा मार्ग मोकळा झाला. आजवर किंमत हीच या औषधांच्या वापरावरची सर्वात मोठी मर्यादा होती. ती सैल होत असताना सुरक्षिततेचे प्रश्न नव्याने तपासायला हवेत.

ही औषधे नेमके काय करतात?

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला ‘पोट भरले’ असा निरोप देते. शरीरातले हे संप्रेरक जेमतेम दोन मिनिटे टिकते. त्याची नक्कल करणारा टिकाऊ रेणू सापडला तो अमेरिकेतील ‘गिला मॉन्स्टर’ या विषारी सरड्याच्या लाळेत! त्यावर आधारलेले एक्सेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झाले. पुढे लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड आले. ‘मौंजारो’मधील टिर्झेपेटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते.

परिणाम खरे आहेत, याबद्दल वाद नाही. १,९६१ जणांवरील ‘स्टेप-१’ चाचणीत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले, तर नुसते आहार-व्यायामाचे मार्गदर्शन मिळालेल्यांचे २.४ टक्के. टिर्झेपेटाइडच्या सर्वाधिक मात्रेने ७२ आठवड्यांत ही घट २०.९ टक्क्यांवर गेली. १७,६०४ जणांच्या ‘सिलेक्ट’ चाचणीत, हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झाले. त्यामुळे ‘ही सगळी फॅशन आहे’ असे म्हणून विषय झटकता येत नाही.

मग त्रास कोणाला आणि किती होतो?

मळमळ, उलट्या, जुलाब आणि बद्धकोष्ठता ही नेहमीची तक्रार. ‘स्टेप-१’मध्ये सेमाग्लुटाइड घेणाऱ्या सुमारे ४४ टक्के लोकांना मळमळ झाली. बहुतेकांचा त्रास सौम्य होता आणि काही आठवड्यांत ओसरला. पोटाच्या तक्रारींमुळे औषध सोडणारे ४.५ टक्केच होते. पण ते लोक देखरेखीखाली होते आणि त्यांची मात्रा हळूहळू वाढवली जात होती. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून २.४ मिलिग्रॅमपर्यंत जायला १६ आठवडे लागतात. ‘महिनाभर झाला, काटा हललाच नाही’ म्हणून मधल्या पायऱ्या गाळणारा रुग्ण सलाइन लावण्याची वेळ ओढवून घेतो. उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडावर ताण येतो. उन्हाळ्यात आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अधिकच.

गंभीर धोके कमी आढळतात, पण ते आहेत. वजन वेगाने उतरले की पित्तखडे होण्याची शक्यता वाढते. पोटात वरच्या बाजूला सुरू होऊन पाठीकडे जाणारी, न थांबणारी कळ स्वादुपिंडाच्या सुजेची असू शकते. अशा वेळी पुढचे इंजेक्शन न घेता थेट रुग्णालय गाठावे. काहींनाच हा त्रास का होतो, त्यामागे जनुकीय कारण आहे का, याचा अभ्यास ब्रिटनच्या औषध नियामकाने जून २०२५ मध्ये सुरू केला. त्याच महिन्यात युरोपीय औषध नियामकाने सेमाग्लुटाइडच्या दुष्परिणामांत डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक तुटण्याच्या विकाराची भर घातली. याचे प्रमाण दहा हजारांत जास्तीत जास्त एक असे सांगितले जाते. पण त्यातून गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागले तर ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ म्हणून थांबू नये.

काही भीती मात्र तपासणीत टिकल्या नाहीत. आत्महत्येचे विचार येतात या तक्रारीची युरोपीय नियामकाने छाननी केली आणि एप्रिल २०२४ मध्ये कार्यकारणसंबंध आढळला नसल्याचे सांगितले. थायरॉइड कॅन्सरचा इशारा उंदरांवरील प्रयोगांतून आला आहे. माणसांत तसा संबंध सिद्ध झालेला नाही. तरीही स्वतःला किंवा घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झाला असेल, तर हे औषध घ्यायचे नसते.

मधुमेहींसाठी वेगळे काय?

ही औषधे एकटी घेतली तर रक्तातली साखर सहसा धोकादायक पातळीला उतरत नाही, कारण साखर वाढलेली असेल तेव्हाच ती इन्सुलिन स्रवायला लावतात. पण आपल्याकडे लाखो मधुमेही ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन आधीपासून घेत असतात. गोळीची मात्रा तशीच ठेवून वर हे इंजेक्शन सुरू केले, भूक मेल्याने जेवण निम्म्यावर आले आणि त्यात एकादशी, नवरात्र किंवा रमजानचा उपवास आला, तर घाम फुटून, हातपाय थरथरून बेशुद्ध पडण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे जुन्या औषधांची मात्रा डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्यायला हवी.

दुसरा मुद्दा दृष्टिपटलाचा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सस्टेन-६’ चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्या ३ टक्के मधुमेहींमध्ये डोळ्याच्या पडद्याची गुंतागुंत दिसली. औषध न घेणाऱ्यांत ती १.८ टक्के होती. बरीच वर्षे चढी राहिलेली साखर झपाट्याने खाली आली, की आधीच नाजूक झालेल्या रक्तवाहिन्यांना ते झेपत नाही, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. पहिल्या इंजेक्शनपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

भारतीय शरीरासाठी स्नायूंचा प्रश्न अधिक मोठा का?

वजनकाटा चरबी आणि स्नायू यांत फरक करत नाही. या औषधांनी कमी झालेल्या वजनात चरबीखेरीज इतर ऊतींचा वाटा टिर्झेपेटाइडच्या अभ्यासात सुमारे पाव, तर सेमाग्लुटाइडच्या एका उपअभ्यासात ४० टक्क्यांच्या जवळपास होता. या ऊती म्हणजे सगळे स्नायूच नव्हेत, आणि नुसत्या आहारनियंत्रणानेही ते घटतातच. पण या चाचण्यांत सहभागी झालेल्यांत मोठा वाटा पाश्चात्त्य देशांतील, चांगल्याच स्थूल लोकांचा होता. आपली सुरुवातच वेगळ्या जागेवरून होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे एक प्रसिद्ध उदाहरण जगापुढे ठेवले आहे. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. ‘लॅन्सेट’ने २००४ मध्ये दोघांचे छायाचित्र या आकड्यांसह छापले. दिसायला सडपातळ, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी अनेक भारतीयांची ठेवण असते. अशा शरीरातून आणखी स्नायू गेले तर वजन उतरूनही जिना चढताना दम लागतो, आणि वृद्धांना पडण्याचा धोका वाढतो. स्नायू साखर वापरतात. म्हणजे मधुमेहीचे नुकसान दुहेरी.

जेवण अर्ध्या भाकरीवर आले की पहिल्यांदा ताटातले वरण, उसळ, दही मागे पडते आणि चहा-बिस्किटे तेवढी उरतात. व्हायला हवे नेमके उलटे. जे थोडे खाल्ले जाईल त्यात डाळी, अंडी, मासे, पनीर आधी, भात-पोळी नंतर. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम. केवळ चालण्याने स्नायू राखले जात नाहीत. ज्याने चार-पाच किलो ‘फंक्शनपुरते’ उतरवायला हे इंजेक्शन घेतले, त्याच्या बाबतीत तर लाभाचे पारडे मुळातच हलके असते. वजनासाठी या औषधांची मान्यता साधारणपणे बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक, अथवा २७ च्या वर असून मधुमेह, रक्तदाबासारखा आजार असलेल्यांसाठी आहे.

सिरिंज आणि ‘युनिट’चा घोळ काय आहे?

तयार पेनमध्ये मात्रा ठरलेली असते, बाटलीतून औषध ओढताना ती आपल्याला मोजावी लागते. अमेरिकेच्या औषध नियामकाने जुलै २०२४ मध्ये इशारा दिला तो याच कारणाने. बाटलीतून मिळणारे सेमाग्लुटाइड काही रुग्णांनी ठरलेल्या मात्रेच्या पाच ते वीसपट टोचून घेतले होते. मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांची गल्लत झाली होती.

आपल्याकडे या गल्लतीला आणखी एक पदर आहे. भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुतांशी ४० युनिटच्या तीव्रतेचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज मिळते. १०० युनिटची सिरिंज वेगळी, केशरी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजवर १० च्या खुणेपर्यंत ओढले तर पाव मिलिलिटर औषध येते, केशरी टोपणाच्या सिरिंजवर त्याच खुणेला ०.१ मिलिलिटर. फरक अडीचपट. म्हणूनच ‘दहा युनिट घ्या’ एवढी सूचना पुरेशी नाही. औषध किती मिलिग्रॅम, ते किती मिलिलिटरमध्ये आणि कोणत्या सिरिंजने, हे तिन्ही चिठ्ठीवर लिहून घ्यावे. सेमाग्लुटाइडचा असर शरीरात निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो आणि त्यावर उतारा नाही. चुकून जास्त गेले तर उलट्या दिवसेंदिवस चालू शकतात.

पैसे वाचवण्यासाठी एकदाच वापरायची बाटली दोघांत वाटून घेणे किंवा उरलेले पुढच्या आठवड्यासाठी ठेवणे हेही धोक्याचे. अशा बाटलीत जंतू रोखणारे रसायन नसते.

बनावट आणि खराब झालेले औषध कसे ओळखायचे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियात बनावट ‘ओझेम्पिक’ टोचून घेतलेल्या काहींची साखर एकदम उतरली आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. पेनमध्ये इन्सुलिन भरले असल्याचा संशय होता. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या बनावट साठ्यांबाबत इशारा दिला. समाजमाध्यमांवरून, जिममधून किंवा ‘दुबईहून आणलेले’ म्हणून मिळणारे पेन घेऊ नये, याचे कारण एवढे पुरेसे आहे.

औषध अस्सल असूनही बिघडू शकते. ही इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. वापर सुरू झाल्यावर काही आठवडे ती बाहेर चालतात, पण ३० अंशांच्या आतच. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो, हे लक्षात घ्या. शीतकप्प्यात ठेवून गोठलेले पेन वितळवूनही वापरायचे नसते. मेडिकलमधून घेताना ते फ्रिजमधून काढून दिले जाते का, हे पाहावे आणि पक्के बिल मागावे.

शस्त्रक्रिया किंवा गर्भधारणा ठरत असेल तर?

जठर उशिरा रिकामे होत असल्याने उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकते आणि भूल दिल्यावर ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. एंडोस्कोपीलाही हे लागू आहे. इंजेक्शन लपवून न ठेवता भूलतज्ज्ञांना सांगणे एवढेच रुग्णाच्या हाती आहे, आणि ते पुष्कळ आहे. गर्भधारणेत ही औषधे चालत नाहीत. सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आणि टिर्झेपेटाइड एक महिना आधी बंद करावे लागते. वजन उतरल्यावर, विशेषतः पीसीओएस असलेल्या स्त्रियांत, गर्भ राहण्याची शक्यता वाढते. त्यातच टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. त्यामुळे औषध सुरू करताना आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे दुसरे साधन वापरावे, अशी सूचना आहे.

बंद केल्यावर काय होते?

‘स्टेप-१’मधील काही रुग्णांचा औषध थांबवल्यावर वर्षभर पाठपुरावा केला गेला. घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. परत येताना चरबी आधी येते. गेलेले स्नायू आपोआप भरून येत नाहीत. वर्षातून दोनदा ‘कोर्स’ करू, ही कल्पना म्हणूनच घातक आहे. सुरू करण्याआधी ते किती वर्षे घ्यायचे आणि परवडणार का, याचा हिशेब डॉक्टरांसमोर बसूनच व्हायला हवा.

कायदा काय सांगतो?

ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्यानुसार मधुमेह आणि लठ्ठपणा या दोन्हींवरील उपचाराची जनतेसाठी जाहिरात करण्यास बंदी आहे. प्रत्यक्षात ‘आधी-नंतर’ची छायाचित्रे मोबाइलवर रोज फिरतात. वजन घटवणाऱ्या औषधांच्या मंजुरीबाबतचा वाद जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला तेव्हा न्यायालयाने औषध महानियंत्रकांना तज्ज्ञांशी चर्चा करून तीन महिन्यांत निर्णय घेण्यास सांगितले होते.

‘आयसीएमआर-इंडिॲब’च्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांपैकी थोड्यांनीच ही इंजेक्शने सुरू केली तरी परदेशातल्या चाचण्यांपेक्षा कितीतरी मोठा अनुभव इथे जमा होईल. पण तो नोंदवला गेला तर. दुष्परिणाम आढळल्यास रुग्ण स्वतःही गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषध दक्षता कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतो. त्यासाठी बॅच क्रमांक लागतो. पेन संपेपर्यंत खोके टाकू नये.