शाळेच्या खोल्यांचा हिशोब आता संगणकावर

शाळेसाठी खोली बांधायची म्हटली की आपले व्यापारी आणि कारागीर बांधव मागे राहत नाहीत. कोणी चिरे देतो, कोणी सिमेंट देतो, गवंडी मजुरीत सूट देतो, मुंबईत किंवा आखातात असलेला गाववाला पैसे पाठवतो. खोली उभी राहते, देणगीदाराच्या नावाची फरशी बसते. पुढे त्या खोलीचे काय झाले हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तिथे वर्ग भरतो की मोडकी बाके पडून आहेत, छप्पर धड आहे की गळते, हे दहा वर्षांनी संस्थेच्या कमिटीलाही नेमके सांगता येत नाही.

दुकानात असे चालत नाही. आम्ही कापडाच्या धंद्यातले. कोणते थान कोणत्या फळीवर आहे, त्यात किती मीटर शिल्लक आहे, कोणत्या थानाला डाग पडला आहे, याची नोंद नसेल तर गिऱ्हाईक दारातून परत जाते आणि तेच कापड आपण पुन्हा खरेदी करून बसतो. शाळेची इमारत ही संस्थेची सर्वांत मोठी पुंजी. तिचाही स्टॉक मोजला पाहिजे, आणि तो मोजून ठेवण्याचे साधन आज फुकटात किंवा अगदी थोड्या पैशांत मिळते. आपल्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या शिक्षणसंस्थेच्या कमिटीवर आहेत, म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

एकाच शाळेच्या खोल्या तीन तऱ्हेच्या

मालवण किनाऱ्यावरील एका संस्थेचे कागद आमच्या पाहण्यात आले. घरपट्टीच्या आकारणीत खोल्या १२, सरकारला भरून दिलेल्या माहितीत १३ आणि संस्थेच्या अहवालात १४. कोणी लबाडी केली होती असे नाही. एका मोठ्या खोलीत प्लायवूडचा आडपडदा घालून दोन वर्ग केले होते. एकाने ती एक खोली धरली, दुसऱ्याने दोन. मागच्या मांगरात प्रयोगशाळेचे सामान ठेवले होते, तो अहवाल लिहिणाऱ्याने खोलीत धरला, इतरांनी धरला नाही. तिघेही आपापल्या परीने बरोबर होते. परंतु तपासणीला आलेल्या साहेबापुढे तीन आकडे गेले की संस्थेची पत जाते, आणि मंजुरीचा कागद महिनोन् महिने टेबलावर पडून राहतो.

याचा अर्थ असा की संगणक घेण्याआधी ‘खोली’ कशाला म्हणायचे हे ठरवावे लागते. हा प्रश्न इतरांनाही पडला होता. अमेरिकेतील विद्यापीठांच्या इमारती वाढू लागल्या तेव्हा तिथल्या शिक्षणखात्याने १९७३ साली खोल्यांच्या वर्गवारीची एक पुस्तिका काढली. तिची सुधारित आवृत्ती २००६ साली निघाली. तिच्यात प्रत्येक खोलीला वापराप्रमाणे आकडा दिला आहे. १०० पासून वर्गखोल्या, २०० पासून प्रयोगशाळा, ३०० पासून कार्यालये, ४०० पासून वाचनालय व अभ्यासाच्या जागा, असे करत ९०० पर्यंत वसतिगृहे. दारावर पाटी कोणतीही असो, आत आज काय चालते त्यावरून आकडा ठरतो. ‘संगीत कक्ष’ अशी पाटी आहे आणि आत जुनी कपाटे रचली आहेत, तर ती नोंदीत साठवणीची खोली. मोठमोठ्या विद्यापीठांची सॉफ्टवेअरे अशाच वर्गवारीवर उभी आहेत. त्यांत इमारतीचा नकाशा संगणकावर असतो आणि नकाशातल्या खोलीवर बोट ठेवले की तिचे माप, वापर आणि ती कोणत्या विभागाकडे आहे हे समोर येते.

आपल्याकडे काय विचारले जाते

आपल्या देशात शाळांची माहिती २०१२-१३ पासून यू-डायस या एकत्रित पद्धतीने गोळा होऊ लागली आणि २०१८-१९ पासून यू-डायस प्लस या नावाने ती थेट संगणकावर भरली जाते. प्रत्येक शाळेला ११ आकड्यांचा क्रमांक आहे. महाराष्ट्रातील शाळांच्या क्रमांकाची सुरुवात २७ ने होते. इमारत मालकीची की भाड्याची, पक्की की कच्ची, वर्गखोल्या किती, त्यांपैकी किती चांगल्या, कितींना किरकोळ आणि कितींना मोठी दुरुस्ती लागेल, मुलामुलींची स्वच्छतागृहे, पाणी, वीज, कुंपण, उतरती वाट हे सर्व त्यात विचारले जाते.

त्यामागे कायदाही आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुख्याध्यापकांसाठी कार्यालय, भांडार म्हणूनही चालेल अशी एक खोली, मुलगे व मुली यांची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान आणि कुंपण अशी यादी दिली आहे. तंत्रशिक्षणाच्या संस्थांना तर चौरस मीटरचा हिशोब द्यावा लागतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मंजुरी-पुस्तिकेत वर्षानुवर्षे एका वर्गासाठी ६६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७१० चौरस फूट, एवढे कार्पेट क्षेत्र धरले जात असे.

सरकारी फॉर्म मुख्यतः संख्या आणि स्थिती विचारतो. पाच खोल्यांना मोठी दुरुस्ती हवी, एवढे त्यात लिहिले जाते. त्या पाच कोणत्या, वासा कुजला की कौले फुटली, शेवटची डागडुजी कधी आणि कोणी केली, हे संस्थेने स्वतः ठेवायचे असते. ही घरची वही नीट असेल तर सरकारी फॉर्म भरणे हे एका दुपारचे काम आहे.

माप आतून घ्यावे

आपल्या भागात भिंती जांभ्या दगडाच्या, जाडजूड. समजा एक खोली आतून २५ फूट लांब आणि २० फूट रुंद आहे. क्षेत्र ५०० चौरस फूट. भिंत सव्वा फूट जाडीची असेल तर बाहेरून तीच खोली साडेसत्तावीस बाय साडेबावीस, म्हणजे जवळजवळ ६१९ चौरस फूट भरते. ११९ चौरस फुटांचा फरक. बाहेरच्या मापाचा जवळजवळ पाचवा भाग भिंतीतच गेला. मुले भिंतीत बसत नाहीत. म्हणून वर्गाची जागा सांगताना आतले माप, आणि बांधकामाचा किंवा आकारणीचा हिशोब असेल तर बाहेरचे. दोन्ही मापे दोन वेगळ्या रकान्यांत लिहावीत. पडवी, जिना आणि येण्याजाण्याची वाट यांचीही नोंद करावी, पण ती वर्गाच्या जागेत मिसळू नये. फुटांचे मीटर करताना १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट धरावेत.

रकाने कोणते

दहा-वीस खोल्यांच्या शाळेला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल, किंवा फुकट मिळणारे लिब्रे ऑफिस कॅल्क, किंवा गूगल शीट्स पुरते. एका खोलीला एक ओळ. रकाने असे ठेवावेत: खोलीचा क्रमांक, इमारत, मजला, लांबी, रुंदी, आतले क्षेत्र, आजचा वापर, किती मुलांची सोय, छपराचा प्रकार, दारे-खिडक्यांची संख्या व माप, पंखे-दिवे, बांधल्याचे वर्ष, शेवटच्या दुरुस्तीची तारीख व खर्च, आजची स्थिती, तपासणाऱ्याचे नाव आणि तपासल्याची तारीख.

क्रमांकाच्या बाबतीत शिस्त पाळावी. ‘क-१-०४’ म्हणजे क इमारत, पहिला मजला, चौथी खोली. तोच क्रमांक दारावर रंगवावा आणि डेडस्टॉक रजिस्टरातही तोच लिहावा, म्हणजे कोणते बाक व कपाट कुठे आहे हे जुळते. भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली तर तिला नवा क्रमांक द्यावा आणि जुने दोन बंद करावेत. बंद केलेला क्रमांक दुसऱ्या खोलीला देऊ नये, नाहीतर जुन्या खर्चाच्या पावत्या भलत्याच खोलीवर चढतात.

एवढे झाले की कागदी वहीत जे दोन दिवसांचे काम असते ते दोन मिनिटांत होते. ‘कौलारू’ आणि ‘गळते’ एवढेच निवडा, त्या सर्व खोल्या एकाखाली एक येतात. क्षेत्राची बेरीज संगणक स्वतः करतो आणि एक माप बदलले की बेरीजही बदलते.

रिकामी खोली दिसू लागते

आपल्या जिल्ह्यासाठी या नोंदीचे खरे मोल पुढे आहे. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. माणसे मुंबई-पुण्याकडे गेली, शाळांचे पट घटले. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा लहान गावांतून चिंता पसरली. अशा वेळी आपल्या शाळेत जागा किती, वापरात किती आणि रिकामी किती, हे आकड्यांत सांगता आले पाहिजे.

हिशोब सोपा आहे. आठवड्याला ४४ तासिका होतात आणि एका खोलीत २६ तासिकाच वर्ग भरतो, तर खोली ५९ टक्के वेळ वापरात आहे. ४० मुलांच्या जागेत २२ मुले बसतात, म्हणजे ५५ टक्के जागा भरली. दोन्हींचा गुणाकार केला तर खोलीचा खरा उपयोग ३२ टक्क्यांच्या आसपास येतो. सर्व खोल्यांचा असा हिशोब मांडला तर कधी कळते की नव्या खोलीसाठी वर्गणी काढण्याची गरजच नाही, वेळापत्रक बदलले तरी पुरे. कधी कळते की दोन खोल्यांत वाचनालय आणि मुलींसाठी शिवणवर्ग चालू शकतो. आणि कधी खरोखरच खोली कमी पडते. तेव्हा देणगीदाराकडे जाताना हातात आकडा असतो, त्याने मान मिळतो.

वादळाने दिलेला धडा

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांत झाडे उन्मळली, कौले आणि पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती. अशा नुकसानीचा पंचनामा होतो तेव्हा पहिला प्रश्न असतो: आधी काय होते? छप्पर किती चौरस फुटांचे, कौले मंगळुरी की पत्रा सिमेंटचा, दुरुस्ती कधीची? ज्या संस्थेकडे प्रत्येक खोलीची ओळ आणि तारखेसह फोटो आहे, ती मदतीच्या किंवा विम्याच्या अर्जाला लागणारे कागद लगेच काढू शकते. बाकीच्यांना आठवणीवर बोलावे लागते. म्हणून दरवर्षी पावसापूर्वी, मे महिन्यात, प्रत्येक खोलीचे चार फोटो काढून खोलीच्या क्रमांकाने साठवावेत.

कायद्याच्या कागदांनाही हीच नोंद उपयोगी पडते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टच्या स्थावर मिळकतीत बदल झाला तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. वक्फ मिळकतींसाठी केंद्र सरकारने ६ जून २०२५ रोजी ‘उमीद’ पोर्टल सुरू केले, त्यातही मिळकतीचे मोजमाप आणि ठिकाण द्यावे लागते.

धंद्यालाही उपयोग

सुताराला खिडक्यांची मापे, रंगाऱ्याला भिंतींचे क्षेत्र, वायरमनला पंख्यांची संख्या या यादीतून मिळाली तर कोटेशन अंदाजाने न देता मापाने देता येते. आमच्याच धंद्याचे उदाहरण घ्या. खिडकीचे माप समोर असेल तर पडद्याला किती मीटर कापड लागेल हे दुकानात बसून सांगता येते, आणि उरलेल्या तुकड्यांचा तोटा ना आमच्या माथी, ना संस्थेच्या. शिवाय शिकलेल्या तरुणांना हे काम आहे. टेप, मोबाईल आणि संगणक एवढ्या भांडवलावर पंचक्रोशीतील शाळांच्या खोल्या मोजून नोंदी तयार करून देता येतात.

काही खबरदारी

खारी हवा आणि पावसाळ्यातली वीज यांपुढे संगणकाचा भरवसा नाही. म्हणून नोंदीची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक इंटरनेटवर आणि एक छापून कपाटात ठेवावी. पासवर्ड एकट्या लिपिकाकडे नको. तो निवृत्त झाला की वही बंद पडते. तो मुख्याध्यापक आणि सचिव या दोघांकडेही असावा. फेरफार कोणी आणि कधी केला हे शेवटच्या दोन रकान्यांत आलेच पाहिजे. जो आकडा जागेवर जाऊन मोजलेला नाही, तो संगणकात गेला म्हणून खरा ठरत नाही.

सुरुवात उन्हाळी सुट्टीत करावी, तेव्हा खोल्या मोकळ्या असतात. कमिटीचा एक सभासद, एक शिक्षक आणि टेप धरायला एक शिपाई एवढी माणसे पुरतात. वीस खोल्यांची शाळा दोन दिवसांत मोजून होते. तिसऱ्या दिवशी आकडे भरावेत, यादी छापून सर्व सभासदांच्या सह्या घ्याव्यात आणि तीच यादी पुढच्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावी, म्हणजे वर्गणी दिलेल्या माणसालाही आपली खोली आज कोणत्या कामी येते ते कळेल.