लिस हार्टेल आणि ज्युबिली

ड्रेसाज या घोडेस्वारीच्या स्पर्धेत घोड्याला तोंडाने हुकूम देता येत नाही. लगाम, पायांचा दाब आणि स्वाराची बैठक एवढ्यावरच सगळा संवाद चालतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये गरोदरपणी पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायलाही मदत लागे. मग ज्युबिली ही घोडी पाठीवरचा भार जरासा सरकला तरी इशारा ओळखायला शिकली. केवढा हा विश्वास! लष्करी अधिकाऱ्यांपुरती राखीव असलेली ही ऑलिंपिक स्पर्धा १९५२ मध्ये हेलसिंकीत महिलांना प्रथमच खुली झाली, आणि दोघींनी रौप्यपदक जिंकले. १९५६ चे ऑलिंपिक मेलबर्नला होते. ऑस्ट्रेलियाच्या कडक विलगीकरण नियमांमुळे घोडेस्वारी मात्र स्टॉकहोमला झाली. तिथेही वैयक्तिक रौप्य याच जोडीचे.