टंचाईच्या काळातील समाजसेवा

सुगीच्या दिवसांत पसाभर तांदूळ काढून देणे कोणालाही जमते. खरी परीक्षा होते ती देणाऱ्याच्याच घरी ओढाताण सुरू झाली म्हणजे. अशा वेळी समाजसेवेचा आदर्श कसकसा बदलत गेला, हे पाहायला थळकरांना फार दूर जावे लागत नाही.

1929 नंतर जगभर मंदी आली आणि भाताचे भाव कोसळले. खोताचा वाटा दिल्यावर कुळाच्या हाती आधीच थोडे उरे, ते आणखी तुटपुंजे झाले. कुणी भीक वाढून हे दुखणे बरे होणार होते का? थळच्याच अलिबाग तालुक्यातील चरी येथे 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी संप पुकारला. जमीन कसायचीच नाही, असा निर्धार! तो 1939 पर्यंत टिकला. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 1949 साली खोती रद्द करणारा कायदा झाला. दया करणे मागे पडले. सोबत उभे राहणे ही सेवा ठरली.

पुढे 1972 चा दुष्काळ आला. त्यातून वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेने जोर धरला आणि 1977 साली तिचा कायदा झाला. खर्चासाठी नोकरदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातले चार पैसे खेड्यातल्या मजुराच्या रोजीला लागले. पण उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

आता तिसरे वळण पाहा. थळला खताचा मोठा कारखाना आहे. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे अशा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. तरतूद चांगलीच, पण मेख अशी, की नफा आटला म्हणजे निधीही आटतो. नेमकी गरज वाढते तेव्हाच हात आखडतो!

म्हणून श्रोतेहो, असा निधी मिळाला तर त्यातून शाळेला बाके घ्यावीत, वाचनालय काढावे. शाळेतला शिक्षक आणि आरोग्य केंद्रातले औषध मात्र त्यावर सोपवू नये. ते ग्रामसभेत हक्काने मागावे. गुरुजींनी मुलांना दान जरूर शिकवावे, पण त्यासोबत हा फरकही शिकवावा. आजची भूक दानाने भागते. उद्याची भूक टाळायची तर एकजूट आणि कायदा दोन्ही लागतात.