मुठेची उधारी

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याजवळून जाणारा मुठा उजवा कालवा बहुतेकांच्या नजरेत भरतो तो आवर्तन, म्हणजे शेतीसाठीची पाण्याची पाळी, सुटलं की. एरवी तळाशी गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या आणि चार बगळे. मग एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी काठोकाठ पाणी धावायला लागतं आणि पुलावरचा दुचाकीस्वार मनात म्हणतो, आमच्याकडे पाणीकपातीची चर्चा आणि हे एवढं चाललंय कुठे? ते चाललेलं असतं दौंड-इंदापूरकडे. तिकडे कालव्याच्या शेवटाला, म्हणजे ‘टेल’ला, पाणी पोचलं नाही की नेमकं उलटं ऐकू येतं: पुणेकरांनी पाणी पळवलं. दोघांचं बोट मात्र त्याच चार धरणांकडे असतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चौघांत मिळून साठा सुमारे २९ टीएमसी.

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये २,८३१ कोटी. माणशी रोज १३५ लिटर धरले तर एका टीएमसीत पावणेसहा लाख लोकांचं वर्ष निघतं. आता तेच पाणी उसाला द्या. उसाला हंगामभरात साधारण दीड ते अडीच मीटर उंचीचं पाणी लागतं. दोन मीटर धरले, सगळं कालव्यातूनच दिलं आणि वाटेत थेंबही मुरला नाही असं मानलं, तरी एका टीएमसीत जेमतेम १,४०० हेक्टर भिजतात. हा हिशेब शहरात फार लोकप्रिय आहे. गणित बरोबर आहे, पण अर्धंच.

उसाला दिलेलं बरंचसं पाणी मुळांतून पानांत चढतं आणि वाफ होऊन आकाशात जातं. ते त्या नदीपुरतं संपलं. शहराचं तसं नाही. माणूस पितो ते दोन-तीन लिटर. बाकीचं आंघोळ, धुणं, भांडी, संडास असं फिरून गटारात उतरतं. नळाला आलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं. शेती पाणी खर्च करते, शहर ते उधार घेतं. मग शहराला किती द्यायचं यावर जितका खल होतो, तितकाच शहर परत काय करतं यावरही व्हायला हवा. तो होताना दिसत नाही.

त्याआधी एक कमी बोलला जाणारा पेच. शहराचं आणि शेतीचं घड्याळच वेगळं आहे. शहराला रोज, थोडं, ठरल्या वेळी पाणी हवं. कालव्याला ते चालत नाही. कालव्याचा तळ आणि बाजू जेवढ्या ओल्या, आणि जेवढे दिवस ओल्या, तेवढं पाणी मुरतं. वरून किती वाहतंय याच्याशी त्याचा संबंध थोडाच. तेवढंच पाणी निम्म्या विसर्गानं दुप्पट दिवस सोडलं तर गळतीही दुपटीच्या जवळ जाते. म्हणून पाळी करायची, एकदम भरून सोडायचं, थांबायचं. १,००० क्युसेकनं एक टीएमसी सोडायला साडेअकरा दिवस लागतात. कालवा सुमारे २०० किलोमीटरचा. पाणी सेकंदाला पाऊण मीटरनं चाललं तर टेल गाठायला तीन दिवस. पाटकऱ्याचं सगळं कसब ‘टेल टू हेड’ सांभाळण्यात, आधी शेवटच्याला आणि मग वरच्याला. वरच्याच्या शेतालगत पाणी वाहत असतं आणि त्यानं ते नुसतं बघायचं असतं, यातली अवघड गोष्ट विसर्गाच्या तक्त्यात दिसत नाही. त्यात हा भरलेला लोट भर वस्तीतून न्यायचा. २७ सप्टेंबर २०१८ ला कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाजवळच्या घरांत पाणी शिरलं.

ठिबक सिंचनानं पाण्याचा हा प्रश्न सुटेल असं वाटतं. पण ठिबकला रोज किंवा दिवसाआड पाणी हवं आणि आवर्तन येणार महिना-सव्वामहिन्यानं. मग शेतकरी शेततळं खणतो, त्यात प्लास्टिक अंथरतो, पाळीत भरून ठेवतो. थोडक्यात, शेतीही शहराच्या घड्याळावर येते, फक्त टाकी स्वतःच्या खर्चानं बांधून.

आता उधारीकडे. मुंढव्याला नदीत जॅकवेल आहे. शहरानं वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी शुद्ध करून तिथून जुन्या कालव्यात, लोक ज्याला बेबी कालवा म्हणतात त्यात, सोडायचं आणि त्या बदल्यात धरणातून जास्त घ्यायचं, असा हा व्यवहार. कल्पना उत्तम. अडचण रसायनात आहे. शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू मैला खातात. साबण, डिटर्जंट आणि मिठातून आलेलं सोडियम ते खात नाहीत. काळ्या मातीत सोडियम साचलं की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, भेगा-छिद्रं बुजतात, पाणी वरच तुंबतं. जमीन चोपण होते. पूर्ण शुद्ध केलेल्या पाण्याबाबतही ही काळजी उरते. अर्धवट शुद्ध केलेल्याचं काय होतं ते नदीतली जलपर्णी सांगतेच.

गळती थांबवा, हा आणखी एक सोपा वाटणारा उपाय. उघड्या कालव्याऐवजी खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगदा काढायची योजना त्यातूनच आली. पण कालव्यातून मुरलेलं पाणी कुणाच्या तरी विहिरीत उतरलेलं असतं. अभियंत्याच्या वहीत ते ‘व्यय’, काठच्या शेतकऱ्याला ते उन्हाळ्याचा आधार. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळानं पाणी न्यायला मावळात विरोध झाला, त्यातही हीच धास्ती होती: नदीतून वाहतं तोवर आपला पंप चालतो, नळात गेलं की काय? ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावरच्या त्या आंदोलनात गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. पाणी वाचवणं म्हणजे कुणाचं तरी पाणी हलवणं, एवढं साधं कागदावर आधी मांडलं जात नाही.

मुंढव्याला न उचललेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. उजनीतून सोलापूर शहर पिण्याचं पाणी घेतं आणि खालचे शेतकरी आवर्तनाची वाट बघतात. तिथेही शहर शेतीकडे बोट दाखवतं, शेती शहराकडे. पाण्याला वास येऊ लागला की मात्र दोघांचीही बोटं वर, पुण्याकडे वळतात.